स्वतःच्याच जोडीदाराला लागलेल्या सर्व्हिसबाबत

प्रति,
मा. शिस्तपालन अधिकारी,
व्यावसायिक टेनिस संघटना, मुख्य कार्यालय

विषय : जोडीदारास झालेली इजा हा निव्वळ अपघात मानून तहहयात बंदी उठवणेबाबत.
संदर्भ : आपले बंदीचे पत्र.

महोदय,

सविनय सादर, की पुढील हकिकतीवर आपला विश्वास बसणार नाही. आजवर एकाचाही बसलेला नाही. तरी ती अक्षरशः खरी आहे.

१. अर्जदार जन्मभर दुहेरीच खेळला. मागून सर्व्हिस अर्जदाराने करायची आणि जाळीपाशी मेहुण्याने, म्हणजे पत्नीच्या धाकट्या भावाने, छाती काढून उभे राहायचे, ही जोडी अर्जदाराच्या लग्नाआधीपासूनची आहे. अर्जदाराच्या सर्व्हिसने आजवर जाळीचा लोखंडी खांब वाकवला, एका पंचाला खुर्चीसकट उलथवले आणि एका रेषापंचाचे दोन दात तिसऱ्या रांगेतल्या प्रेक्षकाच्या खिशात पोहोचवले. त्याबद्दल कधी साधी ताकीदही मिळाली नाही.

२. आता घटनेबाबत. जाळीवरचा गडी पाठीमागे हात धरून खूण करतो : मूठ म्हणजे जागेवर थांबतो, पंजा म्हणजे आडवा धावतो. उपान्त्य सामन्यात मेहुण्याने मूठ दाखवली आणि धावला आडवा. त्यातच एक कावळा मध्ये आला. चेंडू त्याच्या चोचीवर आपटून वळला आणि मेहुण्याच्या मानेत बसला. रक्ताची चिळकांडी पार पंचाच्या बुटांपर्यंत उडाली. कावळा जागीच ठार झाला. त्याची चौकशी कुणी केली नाही.

३. मग अर्जदाराची रॅकेट घामाने निसटून मेहुण्याच्या बरगड्यांवर तीनदा आपटली. निसटलेली रॅकेट तीनदा कशी आपटते, असे आपण पत्रात विचारले आहे. घाम फार होता. त्यावर मेहुण्याने "दाजी, आज तुमचा मुडदाच पाडतो!" असे ओरडून अर्जदाराचे मनगट मोडले. त्याबद्दल तक्रार नाही. घरातला मामला आहे. सबब हा अर्ज अर्जदार सांगत असून पत्नी लिहीत आहे.

४. मेहुणा पुढल्या मोसमात एका नव्या खेळाडूबरोबर उतरणार, हे अर्जदाराला त्याच सकाळी कपडे बदलण्याच्या खोलीत कळले, हे खरे. त्याचा घटनेशी काडीइतकाही संबंध नाही. मात्र बंदी कायम राहिली तर अर्जदार संपला. एकट्याने कोर्टावर उभे राहणे त्याला जमत नाही. नियमानुसार जखमीची संमती लागते, म्हणून मेहुणा आत्ता आमच्या स्वयंपाकघरात समोर बसून हे सर्व ऐकत आहे आणि सही करण्यास राजी...

५. इथे माझा भाऊ मध्येच बोलला. बोलला ते तसेच लिहिते.

"खोटं! सगळं खोटं, दाजी. मानेला कुठं लागलंय? टाके कपाळाला पडलेत. मी खूण करतच नव्हतो. त्या नव्याला नाही म्हणून सांगितलं, एवढं बोलायला मागं वळलो होतो. आणि तुम्ही माझ्या डोळ्यांत बघून चेंडू वर उडवलात."

अर्ज इथेच थांबवते.

आपली,
अर्जदाराची पत्नी, जखमीची बहीण

अर्जदाराची सही : नाही
जखमीची सही : नाही
दिनांक : उपान्त्य सामन्यानंतरचा सोमवार