आपलं कार्ड उलटं

बाबा, कार्ड बसवण्याआधी तुम्हाला लिहायला बसले. तुमचा जुना कॉम्प्युटर हेंद्रेपाड्याच्या घरी जेवणाच्या टेबलावर मांडलाय, झाकण उघडं, आणि ते हिरवं कार्ड माझ्या मांडीवर. कुठल्या तोंडाने खुपसायचं तेच कळत नाहीये. चुकलं तर बटण दाबल्या दाबल्या धूर, आणि असं दुसरं कार्ड आता कुठे शोधू मी?

हौस म्हणून नाही हो काढलं. आई विसरायला लागलीये. परवा तुमच्या फोटोला हार घालताना मला विचारते, "हे कोण गं पोरी? चांगल्या घरचे दिसतात." मी हसले, आणि मोरीत जाऊन रडले. मग तुम्ही तिच्यासाठी केलेला तो प्रोग्रॅम आठवला, तो बघून तरी तुम्ही तिला आठवाल. मशीनच्या स्वतःच्या सिस्टिमवर तो चालायचाच नाही; हे कार्ड बसवलं की तेच मशीन दुसऱ्याच जातीच्या कॉम्प्युटरसारखं वागायचं, तेव्हाच चालायचा. उल्हासनगरला कॅम्प पाचमधल्या तुमच्या दुकानात आई डबा घेऊन आली की तुम्ही तिला स्टुलावर बसवायचात. पडद्यावर इंग्रजी अक्षरांत मराठी उमटायचं, जेवलीस का? तिने 'नाही'चं बटण दाबलं की खाली यायचं, मग मी पण नाही. दुकानात गिऱ्हाईक उभं, आणि ही पदर तोंडाला लावून लाजतेय!

आणि हे कार्ड म्हणजे अस्सल उल्हासनगरी माल. शेजारच्या दुकानातल्या शेठनी परदेशी कार्डाची नक्कल केली खरी, पण सर्किटचा नकाशाच उलटा छापला. वर तुम्हालाच समजावतात, "साईं, माल एक नंबर है, बस उल्टा लगाना." सगळ्यांच्या चिपा उजवीकडे, आपल्या डावीकडे. एकदा तुम्ही घाईत सुलटं लावलंत, फस्स करून धूर निघाला, मी खिदळले, तर केवढ्यांदा ओरडलात, "दात काय काढतेस!" शेठनी मग दुसरं कार्ड दिलं, तेच हे. पण हेही उलटंच होतं, की तोवर त्यांनी नकाशा सुधारला होता? नेमकं तेवढंच आठवत नाही. इंटरनेटवरचे शहाणे छातीठोकपणे सांगतात, चिपा उजवीकडे. त्यांना काय ठाऊक कॅम्प पाच!

सकाळी आई समोर भेंडी चिरत बसली होती. माझी खुडबुड ऐकून मान वर न करता म्हणाली, "उलटा लाव. आपला उलटाच हाय."

मी कार्ड टेबलावर ठेवलं. "कोणी सांगितलं, आई?"

"ते वरडतात ना, सुलटा लावला की."

"ते म्हणजे कोण गं?"

 ती परत भेंडीला लागली.

आत्ता लिहिता लिहिता उठून कार्ड तिच्या म्हणण्याप्रमाणे उलटं बसवलंय. पण तिला आठवतंय ते पहिलं कार्ड असेल तर? हा कागद कुठे पोस्टात टाकायचा नाहीये, म्हणून खरं सांगते. कार्ड जळेल ते जळेल. तुमच्याबद्दल एवढी एकच गोष्ट ती खात्रीने बोलली, आणि तीच चुकीची निघाली तर? म्हणून मी प्लग लावलेलाच नाही. आईला सांगितलंय, लाइट गेलीये. डोक्यावर पंखा गरगर फिरतोय, आणि ती "बरं" म्हणाली.