कोणीतरी बोलायला थांबलंय

मास्तर,

आज सकाळी फोनवर गुडघेदुखीच्या तेलाचं नाव शोधलं, एकदाच, आणि तेव्हापासून ते तेल हात धुऊन माझ्या मागे लागलंय. बातम्या उघडल्या की तेल. भावाने पाठवलेला बारशाचा व्हिडिओ बघावा, तर त्याच्याआधीही तेल. बंद करायची ती फुली इतकी बारीक की माझं बोट हमखास शेजारी पडतं, आणि मी थेट त्या दुकानातच जाऊन पोचते. शेवटी फोन पलंगावर आपटला आणि तुमची आठवण आली. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, रोज आठवण येते असं कशाला म्हणू? पण या जाहिराती अशा अंगावर यायला लागल्या की येते, आणि मग माझा गोंधळ उडतो. तेव्हा नक्की काय झालं होतं, ते मला अजून उलगडलेलं नाही.

राजाजीनगरात बेकरीच्या वर तुमची टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. जिना चढताना खालून पावाचा वास यायचा आणि वरून चौदा मशीनचा कडकडाट. मी चोवीस वर्षांची, सकाळच्या बॅचला शिकवायचे. आमच्या घरी मुलीने नोकरी करायची म्हणजे केवढा घोळ! पण तुम्ही बाबांकडे स्वतः मागायला आलात, आणि बाबा म्हणाले, "मास्तरांकडे ना? मग सरी, ठीक आहे, जाऊ दे." नव्या मुलीला तुम्ही पहिल्याच दिवशी सांगायचात, अक्षर उमटलंय म्हणजे बोट पडलंय, मशीन चुकत नाही. नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा तुम्ही कॉम्प्युटर घेतलात, फोनची वायर आतल्या खोलीत नेलीत आणि बाहेर पाटी लावलीत, इंटरनेट. आत जाताना चपला बाहेर काढायच्या. आयुधपूजेला मशीनच्या बरोबरीने त्यालाही कुंकू.

त्या दिवशी मी बेकरीवाल्या अण्णांच्या मुलीचा निकाल बघत बसलेय. पान उघडता उघडत नाही. वरची पट्टी आली, थांबली, आणि मधेच दुसरीच एक छोटी खिडकी टपकन उघडली. निळ्या शर्टातला एक हसरा माणूस, आणि खाली इंग्रजीत, कोणीतरी तुमच्याशी बोलायला थांबलंय. मी ती बंद केली. ती पुन्हा आली. पुन्हा बंद केली. मग थोड्या वेळाने काय झालं देव जाणे, एकावर एक पाच-सहा उघडल्या. कुठे गालाला गाल लावलेलं जोडपं, कुठे पत्ते, कुठे चमचमणारी अक्षरं. एक मिटावी तर दोन हजर. दारातून बघणाऱ्या मुलींनी टाइप करणं थांबवलं, आणि मशीन गप्प झाली म्हणून तुम्ही आत आलात.

"हे काय चाललंय?"

"मी काही केलं नाही मास्तर. आपोआप येतंय."

"आपोआप? चाळीस वर्षं मशीन शिकवतोय मी. आपोआप साधं टिंब उमटत नाही. याच्यासाठी तुला बाबांकडून मागून आणलं होतं का? ऊठ. घरी जा."

एरवी वर्गात आपण कन्नडच बोलायचो. पण रागावलात ते मराठीत, त्या मुलींना कळू नये म्हणून. डोकं फिरलेलं असतानाही तुम्ही तेवढं भान ठेवलंत, हे मला घरी गेल्यावर कळलं, आणि मग जास्तच रडू आलं.

तुम्ही घरी पाठवलंत, एवढंच बाबांना पुरलं. "स्वल्प दिवस घरीच राहा," म्हणाले. संध्याकाळी आईने माझी पत्रिका कपाटातून काढली. हुबळीचं एक स्थळ कधीपासून अडून बसलं होतं, त्यांना कळवायचं म्हणे. मी भेदरले. ते काम सुटलं की संपलं, कोणाच्या तरी गळ्यात बांधणार मला, एवढंच दिसत होतं.

चौथ्या दिवशी तुम्ही आलात. दाढी वाढलेली. कॉफीचा लोटा तसाच हातात धरून बाबांना सांगायला लागलात. "तीन दिवस त्याच्यापुढे बसलोय हो. हवामान बघायला गेलो तर जुगार उघडला. तो मिटवला तर वजन कमी करायचं औषध! मी काहीसुद्धा दाबलं नव्हतं, देवाशपथ." तुमचा चेहरा इतका भांबावलेला मी कधी पाहिला नव्हता. मग म्हणालात, "तुमची मुलगी खोटं बोलायची नाही. मीच ओळखलं नाही तिला."

बाबा म्हणाले, "सरी मास्तर, उद्या येईल ती."

दुसऱ्या दिवशी तुम्ही सगळी मशीन थांबवलीत, मला पुढे बोलावलंत आणि कन्नडात मोठ्याने म्हणालात, "ई हुडुगीदु तप्पु एनू इल्ला. तप्पु नंदु." या मुलीची काही चूक नाही, चूक माझी. रागावलात ते एकटीला कळेल असं, आणि माफी मागितलीत ती सगळ्यांना कळेल अशी. पिकल्या केसांचा माणूस, माझ्यासमोर मान खाली घालून! मी जमिनीकडे बघत राहिले. मुलींना वाटलं, किती विनयशील.

पत्रिका कपाटात गेली. मी तुमच्याकडे आणखी अकरा वर्षं शिकवलं, लग्न केलं ते माझ्या वेळेला, माझ्या पसंतीचं. कुठे होतीस, का उशीर झाला, हे बाबांनी पुन्हा कधी विचारलं नाही, कारण माझी हमी तुम्ही दिली होतीत. शेवटी शेवटी तुम्हाला भेटायला दवाखान्यात आले तेव्हा तुम्हीच विषय काढलात, "त्या खिडक्या अजून येतात का गं?" मी म्हटलं, "येतात, पण आता अडवता येतात थोड्या." बोलायचं होतं ते तेव्हाच बोलायला हवं होतं. पण मी तुमच्या उशाचं पाणी बदलून निघून आले.

हे पत्र जाणार कुठे, वहीतच राहणार. म्हणून लिहिते. दोनदा मी ती खिडकी बंद केली, हे अगदी खरं. तिसऱ्यांदा नाही केली. हो की नाही, असं विचारत होती, मी हो दाबलं. त्यानंतर सगळ्या उघडल्या. तुम्ही काही न दाबताही उघडल्या, मग माझ्याही तशाच उघडल्या असत्या का? मी खोटं बोलले की नाही? किती विचार केला मास्तर, डोकं चालत नाही. तो निळ्या शर्टातला माणूस मुळात होता का, हेही मला माहीत नाही. आणि घरी बसलेल्या त्या चार दिवसांत, आई हुबळीला पत्र लिहीत असताना, मी मात्र तो अजून थांबला असेल का याचाच विचार करत होते. कारण हो दाबल्यावर त्याने नाव विचारलं होतं, ते मी खरं लिहिलं. मग वय विचारलं. तिथे मी बावीस लिहिलं.