तिखटाचा नमुना आणि शेजाऱ्याची सही

चामोर्शी, आठवडी बाजाराचा दिवस. संध्याकाळ.

अन्न निरीक्षक म्हणून आज नमुना चोख घेतला. सुमनबाईंच्या गोणीतलं तिखट तळापासून ढवळलं, चार पाकिटांत भरलं, लाखेनं सील केलं. रंग जरा जास्तच लाल वाटला. की भेसळ असणारच, असं मी ठरवूनच गेले होते? खरं काय ते प्रयोगशाळा सांगेल.

लाख दिसताच गिऱ्हाइकं पांगली. अहवालाला दोन आठवडे, म्हणजे बाईंचे दोन बाजार बुडणार. नमुन्याच्या कागदावर सही करायला साक्षीदारही मिळेना. अखेर शेजारी तिखटच विकणारे केशवभाऊ पुढे आले. मी नको म्हटलं. बाईंचं गिऱ्हाईक तुटलं तर फायदा त्यांचाच.

सुमनबाईच म्हणाल्या, "घ्या त्यालेच, मॅडम. तोंडाचा खराब आहे, पण खोटी सही नाई करणार."

भाऊंनी कागद पूर्ण वाचून सही केली.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक त्यांच्याकडे वळलं. "भाऊ, तुमचं तरी चांगलं आहे ना?"

"मले काय माहीत? माह्यावालं कोणी तपासलंच नाई. बाईचा रिपोर्ट तरी येऊन राह्यला."

मग मी त्यांचाही नमुना घेतला. रंग तेवढाच लाल. साक्षीला सुमनबाई. त्यांनी कागद दोनदा वाचला.