सोबतीच्या बाई

देहूरोड, ६ जानेवारी १९७४

पोहोचले एकदाची! स्टेशनवरून टांगा केला. छावणीची कुंपणं, लष्करी लॉऱ्या मागे पडल्या आणि उतारावर हा बंगला दिसला. ऑफिसातल्या अरुंधतीचे काका उद्धवराव दादरला राहतात. बंगला वर्षभर रिकामाच असतो, जाऊन राहा म्हणाले. गॅलरीत वेताची खुर्ची आहे, खाली इंद्रायणी चकाकते, आणि अंधार पडला की चिंचवडकडच्या कारखान्यांचे दिवे लुकलुकतात.

स्वयंपाकाला सुभद्राबाई येतात, दिवेलागणीला घरी जातात. हसतमुख बाई. पिठलं-भाकरी वाढताना माणसं किती येणार, म्हणून विचारत होत्या. मी एकटीच, म्हटल्यावर मला नीट न्याहाळून घेतलं.

आई ऑगस्टमध्ये गेली. इतकी वर्षं तिच्या औषधांच्या वेळा सांभाळत घरातच काढली. आता सुट्टी आहे, पाय धडधाकट आहेत आणि घरी वाट पाहणारं कुणी नाही. लेणी, नदीतली कुंडं, चाकणचा किल्ला, सगळं बघून घेणार आहे.

७ जानेवारी

सकाळीच घोरावडेश्वरच्या डोंगरावर गेले. चढताना धाप लागली, पण वरच्या गुहेतला गारवा अंगभर पसरला. कातळात कोरलेल्या खोल्या, पिंडीवर कुणी वाहिलेलं ताजं फूल. बाहेर येऊन बसले तर सगळं मावळ पायाशी. रेल्वेचे रूळ, मळे, दूरवर धुराडी. “बघ ना,” असं तोंडातून निघून गेलं. म्हटलं कुणाला, कोण जाणे. शेजारी कुणी नव्हतं. थोडं रडू आलं, मग डबा खाल्ला.

पायथ्याशी भिवाचं चहाचं दुकान आहे. मी एक चहा सांगितला, त्याने दोन कप ठेवले. मी एकटीच आहे म्हटल्यावर त्याने माझ्या मागे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं आणि एक कप उचलून नेला. मागून उतरणाऱ्या बाई तुमच्यातल्याच वाटल्या, म्हणाला.

९ जानेवारी

आज नदीवर. पाण्याने खडकात गोल गोल कुंडं कोरली आहेत, काही इतकी खोल की तळ दिसत नाही. मी सपाट दगडावर पाय सोडून बसले होते. पलीकडे धुणं धुणाऱ्या बाईने ओरडून सांगितलं, तुमच्या सोबतीच्या बाईंना कडेला बसू देऊ नका, शेवाळ आहे. मी वळून पाहिलं. दगड रिकामा होता, पण माणूस बसून उठावा तेवढाच ओला.

हसण्यावारी नेलं. पण खरं सांगायचं तर घरी येताना मी पायवाटेच्या एका कडेने चालत होते. दुसरी कड मोकळी सोडून. आणि वाट जातानापेक्षा लवकर सरली.

११ जानेवारी

एस.टी.ने चाकण. कांद्याच्या बाजाराचा उग्र वास, बैलगाड्यांची दाटी. किल्ल्याचा एखादा बुरूज आणि तटाचा तुकडा उरलाय, खंदकात बाभळी माजल्यात. तिथेच राहणारे मालोजीराव नावाचे वयस्कर गृहस्थ आपणहून दाखवायला आले. मूठभर माणसांनी मोगलांची फौज कशी अडवून धरली, सुरुंगाने बुरूज कसा उडाला, रंगवून सांगत होते. मी सारखे प्रश्न विचारत होते. ते उत्तर देत होते, पण माझ्याकडे बघून नाही. माझ्या उजव्या बाजूला बघून.

निघताना त्या रिकाम्या जागेला नमस्कार करून ते म्हणाले, “बाई, तुम्ही चांगलं विचारता. तुमच्या बहीण मात्र काहीच बोलल्या न्हाईत.”

आणि ओझरतं माझ्याकडे पाहिलं.

१२ जानेवारी

आज सुभद्राबाईंना सगळं सांगितलं. भाकरी थापता थापता त्या सांगू लागल्या. मागे एक बाई इथे राहायला आली होती. माझ्यासारखीच एकटी. डोंगर, गावं, नदी, दिवसभर हिंडायची. एक दिवस परतली नाही. चपला कुंडाजवळ सापडल्या, बाई नाही.

नाव विचारलं. सुभद्राबाईंना आठवेना.

“कुनी इचारायला बी आलं न्हाई, ताई. कुनी बी न्हाई. तिला आता येकटं ऱ्हावत न्हाई.” मग हात धुऊन माझ्याजवळ आल्या. “तुमी उद्याच जावा. आन् सोबत मागू नगा कुनाची.”

बॅग भरली आहे. मला तिची कीव येते. मी हरवले तर कोण विचारायला येईल, याचा विचार करत बसले. अरुंधती, कदाचित. सुट्टी संपल्यावर.

१३ जानेवारी

जाता आलं नाही.

स्टेशनवर खिडकीशी उभी राहिले. मुंबई एक, म्हटलं. मोठ्याने म्हटलं. क्लार्कने माझ्या मागच्या माणसाला पुढे बोलावलं. बाकावर बसले तर एका बाईने आपली पिशवी माझ्या मांडीवर ठेवली, बाकावर ठेवावी तशी, आणि माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेशी गप्पा मारू लागली. लेकीकडे निघालीय, प्रवासात कुणी बोलायला असलं की बरं, असं काहीबाही. मधेच थांबून ऐकायची. हसायची.

गाडी आली. दारातल्या कुणीच वाट दिली नाही. मी हाका मारल्या – दांडी धरली, माझ्या हातावरच कुणाचा तरी हात आला – गाडी गेली.

चालत परत आले. आज वाटेत पुढे कुणीतरी चालत होतं. माझी साडी. माझी चाल.

१४ जानेवारी

सकाळपासून सुभद्राबाईंना हाका मारतेय. त्या केर काढत माझ्या अंगावरून गेल्या. पदर धरला. त्यांनी तो नुसता सारखा केला.

दुपार

स्वयंपाकघरात बोलणं चाललंय. इथे टेबलापाशी सगळं ऐकू येतंय. सुभद्राबाई म्हणतायत, “न्हाई गेलात व्हय, ताई? बरं वाटतंय आता?”

हो, म्हणाली. माझाच आवाज. आईशी बोलताना असायचा तसा, मऊ.

सुभद्राबाई भांडं खाली ठेवतायत. मग हळूच –

“त्या बाई पुन्हा दिसल्या का कुटं?”

“नाही. त्या गेल्या.”

सुभद्राबाई रडतायत. सुटलात, म्हणतायत. तिळगूळ देतायत तिला –

मी ओरडतेय. मी इथे आहे, सुभद्राबाई, मी, चारुलता, मी –

पावलं. गॅलरीतून. दार –

ती माझ्या खुर्चीपाशी आलीय. बसणार आहे. मी उठले नाही तरी ती –