थर पाच, थर तीन

५ जाने., सोम.
सरांनी तरुणपणी तापीकाठी खणलेल्या टेकाडाची शेवटची पेटी उघडली. धुतलेली खापरं, प्रत्येकावर शाईनं थराचा आकडा, अक्षर सरांचंच. थर ५ मधल्या वाडग्याचा काठ हातात होता. सहज शेजारच्या ढिगातलं खापर लावून पाहिलं तर चपखल बसलं. उलटून बघते तर थर ३.


६, मंगळ.
शांत राहा. मधला थर ४ म्हणजे नुसता पुराचा गाळ. खालचे, थर ५चे लोक गेले, गाव कितीतरी पिढ्या ओस पडलं, मग वर, थर ३मध्ये, दुसरेच आले. सरांचं सगळं नाव या गाळावर उभं. आणि एकच वाडगा खाली-वर सापडत असेल तर कसलं ओस नि कसलं काय!
पण एखादा तुकडा उंदीरही वर नेतो. आज उंदरावर भिस्त ठेवून झोपते.

९, शुक्र.
आणखी दोन बसले. दोन्ही थर ३. उंदीर बाद.
परातीत वाळू भरून वाडगा उभा केलाय, डिंक वाळेपर्यंत हलवायचा नाही. आई म्हणे, संक्रांतीचा गूळ तुझ्या डोक्यावर थापू का?

१२, सोम.
सरांच्या गौरवग्रंथासाठी माझा लेख मागतायत. विषय तोच, ओस काळ. सरांना न दाखवता निष्कर्ष बदलून पाठवणं म्हणजे पाठीत सुरा. दाखवावं तर त्यांचं हृदय आधीच अधू. इथं तरी सरळ लिहिते, भीती वाटतेय.

१४, बुध.
परात मांडीवर घेऊन रिक्षानं भेस्तानला, सरांच्या घरी. सोबत ॲसिटोन, जोड सरकला तर सोडवून पुन्हा चिकटवायला. गच्च्यांवर पतंग कापल्याचा, 'काइपो छे'चा गदारोळ. काकूंनी "ये वं माय" म्हणत उंधियू वाढलं. 
सरांना आता फारसं दिसत नाही. वाडग्यावरून अंगठा फिरवला. जोडापाशी थांबले. आकडे विचारले, मी सांगितले. पुन्हा अंगठा. ओरडले असते तर बरं झालं असतं.
"जोड खरा आहे," म्हणाले. मग परात स्वतःकडे ओढत, "हा डिंक सुटतो ना?"
ॲसिटोननं सुटतो, म्हटलं.
"राहू दे इथं. चार दिवस."
नाही म्हणायची छाती झाली नाही. जोडलेल्याचा फोटोही काढायचा राहिलाय.
घरी येऊन पिशवी उपसली. ॲसिटोनची बाटली नाही. तिथंच राहिली, परातीशेजारी.