हरलेल्यांच्या दारातली पालखी

बाई, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी मला आज तुमच्याशी भांडायचंय. देवीची पालखी आताच देवळात परतली आणि माझं डोकं अजून तापलेलंच आहे.

पोशीरच्या शाळेत तुम्ही आम्हाला अमेरिकेच्या त्या उंच, दाढीवाल्या अध्यक्षाची गोष्ट सांगितलीत. यादवी युद्ध म्हणजे काय, असं कुणीतरी विचारलं, तर म्हणालात, "देशाएवढी भावकी भांडली असं समजा." ते आम्हाला लगेच समजलं. तो जिंकला, गुलाम सुटले, आणि मग तो म्हणायला लागला की हरलेल्यांना छळू नका, ती आपलीच माणसं आहेत. नाटक बघायला गेला आणि हरलेल्यांच्या बाजूच्या एकानं त्याला मागून गोळी घातली. मी उभा राहून म्हटलं, "बाई, येडाच हाय की मग तो! जिंकल्यावर कोन माफ करतं?" वर्ग हसला, तुम्ही हसला नाहीत. त्या सकाळी मी माझ्या चुलतभावाला बदडलं होतं. मधल्या सुट्टीत तुम्ही आम्हा दोघांना समोरासमोर बसवलंत, तुमच्या डब्यातली तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी एकाच झाकणात वाढलीत आणि मला म्हणालात, "जिंकलेल्यानं आधी विचारायचं, अजून हवी का." मी विचारलं. तो हावरट हो म्हणाला.

मोठेपणी त्याच चुलतभावाच्या घराशी आमची पालखीवरून जुंपली. आधी कुणाच्या दारी थांबायची, एवढ्यावरून! काठ्या निघाल्या, माझ्या थोरल्या भावाचा हात मोडला, मग कर्जतच्या कोर्टात वर्षानुवर्षं तारखा. यंदा निकाल आमच्या बाजूनं लागला. आमच्या लोकांनी पेढे वाटले आणि ठरवूनही टाकलं की त्यांच्या दारी पालखी आता थांबणारच नाही. भावाच्या मोडक्या हातामुळं पालखीचा मान माझ्याकडे आला, म्हणून शेवटचा शब्दही माझा. आणि नेमक्या तेव्हाच तुम्ही आठवलात. दुसरं कुणी आठवायला काय झालं होतं? मी म्हटलं, थांबेल.

झालं! भावानं वाकडा हात माझ्या नाकासमोर धरला, "ह्यो बघ. आनि तू त्यांच्या दारात देवी नेतोस व्हय रं?" पुतण्या म्हणाला, "काका, मंग तुमीच जावा तिकडं ऱ्हायला." बायको म्हणाली, "तुमच्या बाई गेल्या त्या गेल्या, आनि आमच्या डोक्यावर बसल्या." तेव्हापासून भाऊ माझ्या ओट्यावर पाय ठेवत नाही. हे तुम्ही कुठं सांगितलं होतंत, बाई? त्या अध्यक्षाला त्याच्या स्वतःच्या माणसांनी काय काय ऐकवलं असेल, त्याबद्दल एक अक्षर नाही. तुम्ही शाळा सुटली की एसटीनं कर्जतला जायचात. आम्हाला ह्याच आळीत राहायचं असतं.

तर आज पालखी चुलतभावाच्या दारी थांबते. तो खालापूरच्या कारखान्यातून रजा काढून आलाय, अंगावर नवा सदरा आहे. त्याची बायको खांदेकऱ्यांच्या पायांवर पाणी घालते, देवीची ओटी भरते. अंथरुणाला खिळलेल्या काकूला खुर्चीवरून बाहेर आणतात. ती पालखीच्या दांडीला कपाळ टेकवून रडते आणि म्हणते, "आलीस गं बाय, वाटलं आता येत नायस." माझ्या मागं आमचे लोक उभे आहेत. मी त्याच्यापासून हातभरावर. तो देवीला नमस्कार करतो, आईला सावरतो, आत घेऊन जातो. माझ्याकडे एकदाही बघत नाही.

गावातले दोन-चार जण म्हणाले, मोठं मन दाखवलंस. तुम्हीही तेच म्हणाला असतात. हे पत्र तुमच्यापर्यंत पोचायचं नाही, म्हणून खरं लिहितो. मला काही माफबीफ करायचं नव्हतं, बाई. तो माझ्यापुढं वाकलेला मला बघायचा होता, आणि तो देवीपुढं वाकला.