जाळीची तार

सोमवार, पौष महिना, १९५४. कुळगाव.

सदूची विजार धुवायला घेतली तर खिशात वीतभर तार. माझा मुलगा अंबरनाथला कारखान्यात मशीनवर डब्यांची झाकणं ठोकतो. तिथे तारेचं काय काम?

विचारलं तर म्हणाला, "आये, मशीनच्या तोंडाला जाळी असते, बोटं सापडू नयेत म्हणून. ती तारेनं वर बांधली की हात झटपट जातो, झाकणं जास्त निघतात. मुकादमच सांगतो."

"आणि तुझ्या शेजारच्या मशीनवरच्या दौलतची दोन बोटं गेली, त्या दिवशी किती निघाली?"

सून चुलीपासून म्हणाली, "दुपारभर मशीन बंद होती. पुढे आठवडाभर सगळे बिचकत हात घालत होते, निम्मंही काम झालं नाही. हेच सांगत होते मला."

मी दोन यत्ता शिकलेली. पण विळीवर भीत भीत बसणारीची भाजी कधी वेळेवर चिरून होत नाही, एवढं कळतं. मग कामाला नडते ती जाळी की भीती? मुकादमाला कोण विचारणार. त्याची दहा शाबूत आहेत.

सदूला म्हटलं, "दौलतच्या लेंग्याची नाडी आता बायको बांधते. तुझी मी बांधणार नाही, आधीच सांगते." नात फिदीफिदी हसली. तो नाही हसला.

तार मी गोठ्याच्या दाराला गुंडाळली. म्हैस दार ढकलते. कारखान्यात त्याला दुसरी मिळेलच, तारेला काय तोटा. पण जेवून उठल्यावर सदू गोठ्याकडे गेला, दार हलवून बघितलं आणि तार तशीच ठेवून आला.